डेलावेअरच्या उन्हातली पिवळी फुलं: कोरिऑप्सिस निवडताना

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जायचं ठरलं की बॅगेत काय काय भरलं जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नातवंडांसाठी लाडू. झेंडूच्या आणि तुळशीच्या बियांची पुडी मात्र घरीच ठेवावी लागते, कारण सरकारी कागदपत्रांशिवाय बिया आणि रोपं तिकडे नेता येत नाहीत. पण तिथे पोचल्यावर दारासमोरची मोकळी, उन्हात तापणारी जमीन दिसते आणि हात शिवशिवायला लागतात. इथे काहीतरी फुलायला हवं, असं वाटतं.

आता खरा प्रश्न. तुमचा मुक्काम फार तर सहा महिन्यांचा. तुम्ही लावलेलं झाड मात्र तुम्ही परत आल्यावरही तिथेच राहणार. मुलं नोकरीत गुंतलेली, नातवंडं शाळेत. रोज पाणी घालायला, खत द्यायला कुणाला वेळ नाही. त्यात जानेवारीत जमीन गोठते. अशा अंगणात दरवर्षी आपणहून परत येणारं, ऊन आवडणारं आणि फारसे लाड न मागणारं फूल कोणतं? तिथल्या बागप्रेमींना विचारलंत तर पाच-सहा नावांत एक नाव हमखास ऐकू येईल: कोरिऑप्सिस.

पण 'कोरिऑप्सिस द्या' एवढं सांगून भागत नाही. नर्सरीत त्याचे डझनभर प्रकार मांडलेले असतात. सगळे फुललेले, सगळे देखणे. त्यातले काही दहा वर्षं टिकतात आणि काही पहिल्याच हिवाळ्यात जातात. कोणतं टिकेल हे कसं ओळखायचं? त्यासाठी आज तुम्हाला एका छोट्या गावात घेऊन जाते.

हॉकेसिन आणि टपालपेट्यांच्या बागा

डेलावेअर हे अमेरिकेतलं आकाराने शेवटून दुसरं राज्य. १७८७ मध्ये देशाच्या राज्यघटनेला सगळ्यात आधी मंजुरी दिली ती या राज्याने, म्हणून इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'पहिलं राज्य' असं अभिमानाने लिहिलेलं असतं. राज्याच्या उत्तर टोकाला, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेला लागून हॉकेसिन हे गाव आहे. विल्मिंग्टन शहरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं, फिलाडेल्फियापासून साधारण तासभर. न्यू जर्सीत एडिसनला तुमचं कुणी राहत असेल, तर तिथून दोनेक तासांत पोचता येतं.

माझी ताई या भागात राहते. आई-बाबा उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा मीही महिनाभर बरोबर होते. पहिल्याच दिवशी गाडीची काच खाली केली आणि शेणखताचा ओळखीचा वास आला. आईने चमकून विचारलं, "इथे गोठे आहेत का गं?" गोठे नव्हते. शेजारचं केनेट स्क्वेअर हे गाव अळंबीच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे, आणि अळंबीसाठी घोड्याच्या लिदीचं आणि पेंढ्याचं खत मोठ्या प्रमाणावर कुजवलं जातं. तो वास वाऱ्याबरोबर हॉकेसिनपर्यंत येतो.

इथे आपल्या माणसांना परकं वाटत नाही, याचं एक कारण म्हणजे गावातलं महालक्ष्मीचं मंदिर. २०२० मध्ये मंदिराच्या आवारात हनुमानाची पंचवीस फुटी काळ्या ग्रॅनाइटची मूर्ती उभी राहिली. ती घडवली गेली तेलंगणात वरंगळला आणि समुद्रमार्गे इथे आली. ओक आणि ट्युलिप पॉप्लरच्या उंच झाडांच्या पार्श्वभूमीवर गदाधारी मारुतीराय पाहताना मन भरून येतं.

जून महिन्यात इथे संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो. जेवणं आटोपून फिरायला निघालात की तुम्हाला एक मजेशीर गोष्ट दिसेल. प्रत्येक घराची टपालपेटी रस्त्याच्या कडेला एका खांबावर बसवलेली असते आणि त्या खांबाच्या पायाशी हातभर रुंदीची छोटी बाग असते. ही जागा झाडासाठी तशी वाईटच. एका बाजूने डांबराची धग, दुसऱ्या बाजूने गवत कापायच्या यंत्राचा धोका, घराचा पाण्याचा पाइप तिथवर पोचत नाही आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे साचतं. तरीही कितीतरी पेट्यांखाली पिवळ्या फुलांचे गच्च पुंजके डोलत असतात. बाबा रोज मोजायचे. "आज अकरा घरं झाली पिवळी," असं घरी येऊन सांगायचे. आई म्हणायची, "मेली अगदी आपल्या सोनकीसारखी दिसतात."

तिचं फारसं चुकलं नव्हतं. सह्याद्रीतली सोनकी, आपल्याकडे हायवेच्या कडेला पसरलेला नारिंगी-पिवळा कॉसमॉस, झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि कोरिऑप्सिस ही सगळी एकाच मोठ्या कुळातली भावंडं. जे आपल्याला एक फूल वाटतं, ती खरं तर बारीक फुलांची गर्दी असते. कोरिऑप्सिस ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेच्या बहुधा आठ पाकळ्या आणि बऱ्याच जातींत पाकळीच्या टोकाला कातरल्यासारखे दाते.

नाव ढेकणाचं, काम सोन्याचं

इतक्या सुंदर फुलाचं नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. ग्रीक भाषेत 'कोरिस' म्हणजे ढेकूण आणि 'ऑप्सिस' म्हणजे दिसणं. ढेकणासारखं दिसणारं, असा सरळ अर्थ. इंग्रजीत त्याला 'टिकसीड' म्हणतात, म्हणजे चक्क गोचिडीचं बी. कारण एकच, त्याचं बी चपटं, काळपट आणि किड्यासारखं दिसतं. तेच बी टिपायला गोल्डफिंच नावाचे पिवळेधमक छोटे पक्षी येतात, तेव्हा फूल कुठलं आणि पक्षी कुठला ते कळत नाही.

कोरिऑप्सिसच्या पंचवीसहून अधिक जाती मूळ उत्तर अमेरिकेच्या. फ्लोरिडा राज्याने १९९१ मध्ये हे आपलं राज्य रानफूल म्हणून जाहीर केलं, पुढे २०१४ मध्ये मिसिसिपीनेही. म्हणजे हे तिथल्या मातीचं लेकरू. तिथल्या मधमाश्या, फुलपाखरं आणि पक्षी त्याला पिढ्यान् पिढ्या ओळखतात. परक्या देशात राहणाऱ्या आपल्या मुलांच्या अंगणात त्या देशाचं एक फूल असावं, ही कल्पना मला फार आवडली.

माउंट क्युबा: जिथे झाडांची परीक्षा होते

हॉकेसिनमधलं सगळ्यात पाहण्यासारखं ठिकाण म्हणजे माउंट क्युबा सेंटर. नावात क्युबा असलं तरी त्या बेटाशी संबंध जोडू नका, हे इथल्या टेकडीचं नाव आहे. १९३० च्या दशकात लॅमॉट ड्यूपाँट कोपलंड आणि त्यांच्या पत्नी पामेला यांनी इथे विटांचं मोठं घर बांधलं. ड्यूपाँट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८०२ मध्ये विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीच्या काठी बंदुकीच्या दारूचा कारखाना काढणारं हे घराणं. कोपलंड पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. पण आज त्यांचं घर ओळखलं जातं ते बागेसाठी. पामेलाबाईंना आजूबाजूच्या रानातल्या झाडाफुलांची ओढ लागली आणि परदेशी शोभेच्या झाडांऐवजी स्थानिक झाडांची बाग त्यांनी वाढवली. २००१ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर घर आणि बाग सार्वजनिक संस्थेच्या स्वरूपात पुढे चालू राहिली. संस्थेकडे आज हजार एकरांहून अधिक जमीन आहे.

तिथे तळी आहेत, झाडांखालच्या वळणावळणाच्या वाटा आहेत, वाऱ्यावर हलणाऱ्या उंच गवताचं कुरण आहे. पण आपल्या कामाचा कोपरा म्हणजे चाचणी बाग. एका फुलझाडाच्या मिळतील तेवढ्या जाती इथे शेजारी शेजारी लावल्या जातात आणि काही वर्षं त्यांच्याकडे बारकाईने पाहिलं जातं. गंमत म्हणजे झाडांचे लाड केले जात नाहीत. रोप मुळं धरेपर्यंत पाणी मिळतं, नंतर ज्याचं त्याने बघायचं. कोणतं उभं राहतं, कोणतं आडवं पडतं, कोणत्या पानांवर भुरी येते, कोण किती आठवडे फुलतं आणि हिवाळ्यानंतर कोण परत येतं, याची नोंद ठेवतात. अगदी बोर्डाच्या परीक्षेसारखं!

कोरिऑप्सिसचीही इथे तीन वर्षं परीक्षा झाली. साठाहून अधिक प्रकार लावले होते. निकाल वाचण्यासारखा आहे. बाजारात सगळ्यात जास्त लक्ष वेधणारे लाल, गुलाबी, दुरंगी असे बरेच नवे संकर हिवाळ्यात टिकले नाहीत. वर आले ते बहुतेक साधे पिवळे. त्या चाचणीच्या वाफ्यांत आता दुसरी झाडं असतात, पण कोरिऑप्सिसचा अहवाल संस्थेच्या वेबसाइटवर मोफत वाचायला मिळतो. नर्सरीत जाण्याआधी तो मोबाइलवर उघडून ठेवा.

यातून एक गोष्ट लक्षात येते. नर्सरीतलं झाड म्हणजे लग्नाच्या अल्बममधला फोटो. गरम घरात वाढलेलं, खतपाणी वेळेवर मिळालेलं, नेमकं फुललेलं. संसार कसा होईल ते त्यावरून कळत नाही. म्हणून फूल आवडलं की लगेच कुंडी उचलू नका. आधी तुमच्या अंगणाला तीन प्रश्न विचारा. ऊन किती तास असतं? पावसानंतर पाणी साचून राहतं का? आणि झाडाला उंच व्हायला जागा आहे का?

कोणतं निवडाल?

ऊन रोज निदान सहा तास हवंच, ही अट बहुतेक सगळ्या कोरिऑप्सिसला लागू आहे. सावलीत फुलं कमी येतात आणि काड्या लांबून लोळतात. पुढची निवड मात्र तुमच्या जागेवर अवलंबून.

भाल्यासारख्या पानांचं, म्हणजे लान्सिओलाटा. हे रानातलं मूळ फूल. मे-जूनमध्ये फुलतं, उंची साधारण दोन फूट. उतार, मुरमाड जमीन, कोरडी कडा, कुठेही निभावून नेतं. बी पडून आजूबाजूला नवी रोपं येतात, त्यामुळे जिथे मोकळेपणाने पसरलेलं चालेल तिथेच लावा.

मोठ्या फुलांचं, म्हणजे ग्रँडिफ्लोरा. 'अर्ली सनराइज' ही त्यातली गाजलेली जात. १९८९ मध्ये तिला अमेरिकेतला ऑल-अमेरिका सिलेक्शन्स हा मान मिळाला. बी पेरल्यावर पहिल्याच वर्षी फुलते, फुलं भरगच्च असतात. तुम्ही तिथे एकच उन्हाळा असाल आणि जाण्याआधी फुलं डोळे भरून पाहायची असतील, तर ही छान. पण आयुष्य कमी, दोन-तीन वर्षांत दमते. मुलांना तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे झाड गेल्यावर त्यांना वाईट वाटणार नाही.

शेपूच्या पानांसारखं बारीक पानांचं, म्हणजे व्हर्टिसिलाटा. टपालपेट्यांखाली दिसतं ते बहुतेक हेच. यात दोन नावं लक्षात ठेवा. 'झाग्रेब' दीड फुटाच्या आत राहतं, फुलं हळदीसारखी गडद पिवळी, जमिनीखालून हळूहळू पसरतं आणि तण उगवायला जागा ठेवत नाही. माउंट क्युबाच्या परीक्षेत ते चांगल्या गुणांनी पास झालेलं आहे. 'मूनबीम' थोडं उंच, फुलं ताज्या लोण्यासारखी फिकट पिवळी. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पेरेनियल प्लँट असोसिएशनने वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून त्याची निवड केली होती. त्याला रुजणारं बी धरत नाही, म्हणून ते इकडेतिकडे उगवत नाही. पण हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर मात्र ते रुसतं. चिकणमातीच्या अंगणात झाग्रेब जास्त भरवशाचं.

उंच, तीन भागांच्या पानांचं, म्हणजे ट्रिप्टेरिस. हे झाड माणसाच्या उंचीचं होतं. यातली 'फ्लॉवर शो' आणि 'गोल्ड स्टँडर्ड' ही नावं माउंट क्युबाच्या अव्वल यादीत आहेत. जुलैपासून वर आकाशाकडे पिवळी फुलं येतात. कुंपणाजवळ किंवा मागच्या बाजूला लावा. काही वसाहतींत घरासमोर उंच झाडं लावण्यावर नियम असतात, तेव्हा आधी मुलांना विचारून घ्या.

उशिरा फुलणारं, म्हणजे पॅलुस्ट्रिस. यातलं 'समर सनशाइन' मला सगळ्यात जवळचं वाटलं. नावात उन्हाळा असला तरी ते फुलतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा बाकीची बाग आवरायला लागलेली असते. हे मूळचं ओलसर जागेतलं, म्हणून पाणी धरून ठेवणाऱ्या मातीतही तग धरतं. पानं शेवटपर्यंत हिरवीगार राहतात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आपला काय काळ, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. नवरात्र, दसरा, कधी दिवाळीही. परदेशात दसऱ्याला झेंडूची चार फुलं मिळवताना किती धावपळ होते हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना दारातल्या पिवळ्या फुलांचं मोल कळेल.

लाल आणि गुलाबी रंगांचं काय? मोह होतो, खरंच होतो. ताईनेही आदल्या वर्षी एका दुकानातून गर्द लाल फुलांची तीन रोपं आणली होती. वसंत आला, बर्फ वितळलं, पण त्या जागी फक्त काळ्या काड्या उरल्या. असं होणारी ती एकटी नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत 'लाइमरॉक रुबी' नावाचं माणकासारखं लाल कोरिऑप्सिस अमेरिकेत खूप विकलं गेलं आणि थंड भागातल्या कितीतरी बागांत ते हिवाळ्यात मेलं. त्यानंतर डॅरेल प्रोब्स्ट यांच्यासारख्या संकरकारांनी 'मर्क्युरी रायझिंग', 'रेडशिफ्ट' असे थंडी सोसणारे लाल छटांचे प्रकार आणले. तेही लावा, पण उतारावर, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या जागी आणि एखादंच. पूर्ण वाफा त्यांच्या भरवशावर सोडू नका. गुलाबी फुलांच्या 'रोझिया' जातीला तर सतत ओलावा लागतो, कोरड्या कडक उन्हाच्या जागी ती नको.

जागा असेल तर लान्सिओलाटा, झाग्रेब आणि समर सनशाइन ही तिघं एकत्र लावा. मे महिन्यात एक सुरू होईल, ते दमेपर्यंत दुसरं, आणि दुसरं आवरतं घेईल तेव्हा तिसरं. मध्ये थोडी उसंत असली तरी मेपासून ऑक्टोबरपर्यंत अंगणात पिवळा रंग येत-जात राहील.

लावताना आणि निघताना

लावण्याची योग्य वेळ एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची सुरुवात. या भागातली माती बहुतेक ठिकाणी चिकण आहे. कुदळीने चांगली मोकळी करा, जागा थोडी उंच करा. लहान जातींमध्ये दीड फूट, उंच जातींमध्ये तीन फूट अंतर ठेवा. रोपाचा गड्डा जमिनीत खोल पुरू नका, कुंडीत होता तितकाच वर ठेवा.

आता एक गोष्ट आपल्या सवयीविरुद्ध. या झाडांना जास्त खत देऊ नका. अळंबीच्या शेतीतून निघालेलं खत इथे स्वस्तात मिळतं आणि आपला हात सैल असतो. पण खत जास्त झालं की कोरिऑप्सिस पानांनी माजतं, फुलं कमी देतं आणि पावसात लोळतं. गरिबीत वाढलेलं कोरिऑप्सिस ताठ उभं राहतं, हे बाबांचं वाक्य.

पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा-दोनदा भरपूर पाणी द्या, पुढच्या वर्षापासून फार लागत नाही. सुकलेली फुलं खुडत राहा, हे नातवंडांच्या हाताला देण्यासारखं काम आहे. झाग्रेब, मूनबीमचा पहिला बहर ओसरला की कात्रीने झाड निम्म्यावर आणा, पुन्हा फुलतं. हरणं सहसा कोरिऑप्सिसच्या वाटेला जात नाहीत, पण ससे कोवळे कोंब आवडीने खातात. पहिल्या वर्षी भोवती बुटकी जाळी लावा.

आणि निघण्याआधी मुलांना दोन गोष्टी सांगून या, हवं तर फ्रिजवर चिठ्ठी लावा. एक, थंडीत वाळलेल्या काड्या लगेच कापू नका, पक्षी बी खायला येतात. मार्चमध्ये कापा. दोन, वसंतात बाकी सगळं हिरवं झालं तरी बारीक पानांचं कोरिऑप्सिस उशिरा जागं होतं. मेलं समजून उपटू नका. मेपर्यंत थांबा. कितीतरी जिवंत झाडं केवळ घाईमुळे कचऱ्यात जातात.

भारतात राहणाऱ्यांसाठी

तुम्ही दिल्ली, चंदीगड, लखनौ, इंदूर किंवा भोपाळला असाल, तर कोरिऑप्सिस तुम्ही पाहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे नर्सरीत 'कॅलिऑप्सिस' नावाने मिळतं ते टिंक्टोरिया, पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये तपकिरी-लाल ठिपका. हे मात्र एका हंगामाचं पाहुणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरा, रोपं चार-पाच पानांची झाली की उन्हाच्या जागी लावा, थंडी सरता सरता ते फुलतं आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात आटोपतं. गच्चीवरच्या कुंडीतही छान येतं, फक्त कुंडीचं छिद्र बुजलेलं नसावं. नावातल्या 'टिंक्टोरिया'चा अर्थ रंगाशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये त्याच्या फुलांपासून तांबूस रंग बनवायची पद्धत होती.

एक विनंती मात्र सगळ्यांना. फिरायला गेल्यावर फुलांच्या बिया डोंगरात, माळावर उधळण्याची हौस कुणाकुणाला असते. कोरिऑप्सिसच्या बाबतीत ती टाळा. जपानने लान्सिओलाटा रस्त्यांच्या कडेला हौसेने लावलं. ते इतकं पसरलं की तिथली रानफुलं मागे हटली. अखेर २००६ मध्ये ते लावण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. डेलावेअरच्या टपालपेटीखाली जे गुणी लेकरू, तेच दुसऱ्याच्या घरी दांडगाई करू शकतं. कासच्या पठारावर आपली सोनकी आहे, तिथे ती आणि तिचे सोबतीच शोभतात.

जायचं असेल तर

माउंट क्युबा सेंटर साधारण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पाहता येतं. तिकीट आणि वेळा त्यांच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या, कारण आठवड्यातले काही दिवस ते बंद असतं. रानफुलांची खरी गर्दी एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत, उन्हाची पिवळी फुलं जूनपासून पुढे. बस-रेल्वेने विल्मिंग्टनपर्यंत येता येतं, पुढे गाडी लागतेच. पायात चालायचे बूट घाला, वाटा चढ-उताराच्या आहेत. त्याच दिवशी महालक्ष्मीचं दर्शन सहज होतं, मंदिर दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आणखी एक दिवस हाताशी असेल, तर ड्यूपाँट घराण्यातल्याच पिअर ड्यूपाँट यांनी उभारलेलं लाँगवुड गार्डन्स जवळच आहे. तिथली कारंजी नातवंडांना नक्की आवडतील.

आम्ही परत येण्याआधी ताईच्या टपालपेटीखाली झाग्रेबची तीन आणि समर सनशाइनची दोन रोपं लागली. आईने शेवटचं पाणी घातलं आणि ताईला बजावलं, "मेपर्यंत उपटायचं नाही हं." पुढच्या वर्षी मे संपत आला तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर ताईने फोटो टाकला. कोरड्या काड्यांच्या बुडाशी शेपूसारखे हिरवे कोंब. फूल एकही नव्हतं. पण आईने तो फोटो शेजारच्या काकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला.

तुम्हीही जाल तेव्हा एक तरी असं झाड लावून या. रंग कोणताही निवडा, पण निवडताना त्याला विचारून बघा, "आम्ही गेल्यावर राहशील ना बाबा?" ज्याचं उत्तर हो असेल, तेच घरी आणा.